पहाटेचा कुंभार्ली घाट आणि दुपारचे चिपळूण: हिवाळ्यात मोटारसायकलवर काय घालावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही चिपळूणला राहता. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात जवळजवळ दर आठवड्याला पहाटे पाचच्या सुमारास १५० सीसीच्या मोटारसायकलवरून कुंभार्ली घाटमार्गे कऱ्हाडला जाता आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी दुपारी परतता. कधीकधी पत्नीही मागे असते. वाटेत छाती आणि बोटे गारठतात, म्हणून दहा हजार रुपयांच्या आत एखादे जाड, आतून अस्तर लावलेले हिवाळी जॅकेट घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत आधीच सांगतो: असे जॅकेट घेऊ नका. मात्र नुसते ‘नको’ म्हणणे पुरेसे नाही, म्हणून त्यामागची कारणे आणि त्याऐवजी काय घ्यावे हे जरा विस्ताराने लिहितो. मी स्वतः रायडिंगचे कपडे विकतो आणि दुरुस्तही करतो, तेव्हा माझा सल्ला एका विक्रेत्याचा आहे हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. तरीही यातील बराचसा भाग तुमच्या घरी आधीच असलेल्या वस्तूंविषयी आहे.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गरजा एकत्र आल्या आहेत. एक गरज उबेची, आणि दुसरी गाडी घसरली तर कातडी आणि सांधे वाचवण्याची. काश्मीर किंवा हिमाचलात हिवाळ्यात गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत या दोन्ही गरजा दिवसभर बरोबर चालतात, त्यामुळे तिथे जाड संरक्षक जॅकेट योग्य ठरते. कोकणात तसे होत नाही. आपल्याकडे हिवाळ्यातली दुपार तीस अंशांच्या वर जाते. पहाटे कुडकुडत घातलेले जॅकेट दुपारी एक वाजता कऱ्हाडहून निघताना नकोसे होते आणि मग ते टाकीवर किंवा मागच्या सीटला बांधले जाते. म्हणजे उब नको झाली की तिच्याबरोबर संरक्षणही अंगावरून उतरते, आणि घाट उतरतानाचा, ट्रकांच्या गर्दीचा, थकव्याचा परतीचा प्रवास माणूस शर्टावर करतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जॅकेटांच्या मालकांशी बोलताना हा प्रकार मी वारंवार ऐकला आहे. म्हणून माझी सगळी मांडणी एका गोष्टीवर उभी आहे: संरक्षण देणारा कपडा असा हवा की तो दुपारीही अंगावर राहील, आणि उब अशी हवी की ती त्या कपड्याला धक्का न लावता चढवता-उतरवता येईल.

आता थंडी नेमकी कुठून येते ते पाहू, कारण त्यावरच खरेदी ठरते. चिपळूण समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, आणि जानेवारीतल्या पहाटेही तिथला पारा बहुधा पंधरा-अठरा अंशांच्या आसपास असतो. घाट चढून हेळवाक-कोयनानगरच्या बाजूला आलात की तुम्ही सुमारे ६०० मीटर वर आलेले असता. हवेचे तापमान साधारणपणे दर १००० मीटरला साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे केवळ उंचीने चारेक अंश कमी होतात. त्यात समुद्राची ऊब मागे राहते. शिवाय निरभ्र रात्री थंड झालेली जड हवा डोंगरउतारावरून घसरत दरीच्या तळाशी साचते, आणि हेळवाकपासून पाटणपर्यंतचा तुमचा रस्ता नेमका कोयनेच्या खोऱ्यातून जातो. म्हणूनच घाटमाथ्यापेक्षा घाट संपल्यानंतरच्या सपाट रस्त्यावर जास्त थंडी वाजते. हा भास नाही, तिथली हवा खरोखरच अधिक थंड असते, आणि बऱ्याचदा धुकेही तिथेच असते.

यावर वाऱ्याचा परिणाम येतो. कॅनडा आणि अमेरिकेच्या हवामान खात्यांनी २००१ मध्ये स्वीकारलेल्या सूत्रानुसार हवा १० अंशांची असेल आणि वारा ताशी ६० किलोमीटरचा असेल, तर उघड्या त्वचेला ती सुमारे ५ अंशांसारखी जाणवते. हवा ५ अंशांची असेल तर तोच वारा उणे २ अंशांच्या जवळ नेतो. हे सूत्र चालणाऱ्या माणसाच्या उघड्या चेहऱ्यासाठी बनवलेले आहे आणि १० अंश किंवा त्याखालच्या तापमानालाच लागू होते, त्यामुळे ते आपल्यासाठी तंतोतंत नाही. परंतु त्यातून एक उपयोगी गोष्ट कळते. वाऱ्याचा हा परिणाम उघड्या त्वचेपुरता आणि वारा आरपार जाऊ देणाऱ्या कपड्यापुरताच असतो. वारा बाहेरच अडला, तर तुमच्या शरीराला फक्त दहा अंशांच्या स्थिर हवेशी सामना करायचा असतो, आणि त्यासाठी एक चांगला स्वेटर पुरतो. आपल्या घाटांतली थंडी जाडीने अडवायची नसून वारा रोखून अडवायची आहे, असे मी गिऱ्हाइकांना सांगतो त्याचे कारण हेच. विणलेला लोकरी स्वेटर घरात कितीही उबदार वाटला, तरी चालत्या गाडीवर तो वाऱ्यापुढे मच्छरदाणीसारखा असतो. त्याच्यावर वारा न शिरणारे पातळ कापड आले की तोच स्वेटर काम करू लागतो. जुने चालक छातीवर वर्तमानपत्र घालून वर शर्टाची बटणे लावत, त्यामागचे शास्त्र हेच होते, आणि अडचणीच्या वेळी तो उपाय आजही करण्यासारखा आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकतो. तुमच्या गाडीला पुढे उंच काच असेल तर छातीवरचा वारा बराच कमी होतो, आणि मी पुढे सांगतो त्यातला एक थर तुम्हाला लागणार नाही. सडपातळ माणूस लवकर गारठतो. मधुमेह असेल किंवा बोटे पांढरी पडण्याचा त्रास असेल, तर हातांची काळजी जास्त घ्यावी लागते आणि डॉक्टरांशी बोलणेही योग्य ठरते. जो फक्त चिपळूण ते गुहागर किंवा रत्नागिरी असा किनाऱ्याच्या बाजूनेच फिरतो, त्याला एका विंडचीटरपलीकडे फारसे काही लागत नाही; दापोलीच्या पठारावरून पहाटे जाणाऱ्याला मात्र लागते. आंबा, फोंडा किंवा आंबोली घाटाने वर जाणाऱ्यांची गरज तुमच्यासारखीच आहे.

तुमच्यासाठी मुख्य कपडा म्हणजे जाळीचे, म्हणजे ज्याला दुकानात मेश जॅकेट म्हणतात ते, खांदे, कोपर आणि पाठीला आर्मर, म्हणजे धक्का शोषणाऱ्या गाद्या, असलेले रायडिंग जॅकेट. हिवाळ्यासाठी विचारले आणि मी जाळीचे जॅकेट सुचवतो आहे, याचे तुम्हाला आश्चर्य वाटेल. पण कोकणात वर्षातले बहुतेक महिने तेच अंगावर राहू शकते, आणि जे अंगावर राहते तेच वाचवते. जाळी सगळीकडे नको. खांदे, कोपर आणि बाहूची बाहेरची बाजू, म्हणजे पडल्यावर जो भाग रस्त्यावर घासतो तो, घट्ट विणीच्या जाड नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा असावा आणि जाळी छाती, पाठ व बाहूच्या आतल्या बाजूस असावी. माझ्याकडे अपघातानंतर आलेल्या जॅकेटांत कापडापेक्षा शिवण आधी उसवलेली अधिक दिसते. म्हणून खरेदी करताना खांद्याची आणि कोपराजवळची शिवण उलटून पाहा. तिथे दुहेरी किंवा तिहेरी टाके नसतील, तर बाकीची चमकदमक निरुपयोगी आहे.

लेबलाविषयी थोडे स्पष्ट लिहितो, कारण इथे अनेकांची फसगत होते. जॅकेटवर ‘सीई’ (युरोपीय मानकांची खूण) असे लिहिलेले असते तेव्हा ते पुष्कळदा फक्त आत घातलेल्या आर्मरविषयी असते, संपूर्ण जॅकेटविषयी नसते. आर्मरसाठी युरोपीय मानक ईएन १६२१ आहे आणि त्यात दोन पातळ्या आहेत. खांदा व कोपराच्या आर्मरमध्ये पहिल्या पातळीला धडकेनंतर आरपार जाणारे बल सरासरी ३५ किलोन्यूटनपेक्षा जास्त चालत नाही, दुसऱ्या पातळीला २०. म्हणजे दुसरी पातळी बरेच कमी बल आत येऊ देते, आणि पैशाचा फरक फार नसेल तर तीच घ्यावी. काही आर्मरवर ‘टी+’ अशी खूण असते. तिचा अर्थ तो ४० अंशांच्या उष्णतेतही तपासला आहे. आपल्या हवेला ही खूण उपयोगी आहे. संपूर्ण कपड्यासाठी ईएन १७०९२ हे २०२० चे मानक आहे आणि त्यात ए, एए, एएए असे चढत्या क्रमाने वर्ग आहेत. तुमच्या रकमेत ‘ए’ किंवा ‘एए’ वर्गाचे जॅकेट मिळाले तर उत्तम. पाठीच्या खिशात मात्र बऱ्याच जॅकेटांत नुसता स्पंजाचा तुकडा असतो. तो दाबून पाहा, आणि तसाच निघाला तर पुढेमागे खरा बॅक प्रोटेक्टर घेऊन तिथे घाला.

आता मापाचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. हिवाळ्यात आतून स्वेटर घालायचा आहे म्हणून लोक एक माप मोठे जॅकेट घेतात. पहाटे ते बरोबर बसते, पण दुपारी स्वेटर काढल्यावर बाही सैल होते आणि कोपराचा आर्मर हाताभोवती फिरू लागतो. पडल्यावर कोपर रस्त्यावर आणि आर्मर बाजूला, अशी स्थिती होते. म्हणून माप नेहमी दुपारचे घ्या, म्हणजे एका पातळ शर्टावर. जॅकेट घालून, साखळी (झिप) पूर्ण लावून, गाडीवर बसल्यासारखे हात पुढे करा आणि दुसऱ्या हाताने कोपराचा आर्मर पकडून फिरवून पाहा. तो जागचा हलता कामा नये. बसल्यावर पाठ उघडी पडू नये आणि मनगट उघडे राहू नये. दंड, कोपराखालचा भाग आणि कंबर यांना आवळण्याचे पट्टे असलेले जॅकेट निवडलेत, तर पहाटे ते थोडे सैल करून आतला थर मावतो आणि दुपारी पुन्हा आवळता येतो. याचाच दुसरा भाग असा की आतला उबदार थर जाड नसावा.

आतला थर म्हणजे पातळ फ्लीस किंवा बारीक विणीचा, अंगाला बसणारा लोकरी स्वेटर. जॅकेटबरोबर आत साखळीने जोडण्याचे थर्मल लायनर येते तेही चालते. पण मला स्वतःला सुटा फ्लीस अधिक सोयीचा वाटतो, कारण कऱ्हाडला पोहोचल्यावर जॅकेट काढूनही तो अंगावर ठेवता येतो आणि रस्त्याच्या कडेला जॅकेटची आतली साखळी शोधत बसावे लागत नाही. त्याच्या आत, अंगालगत, जाड सुती बनियन नको. सुती कापड घाम धरून ठेवते, आणि पाणी हवेच्या सुमारे चोवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. तुम्ही चिपळूणला सतरा अंशांत सगळे थर घालून निघालात, खडपोली-शिरगावपर्यंत आत ओलसर झालात, आणि वर जाऊन थंड हवेत शिरलात, तर ती ओल तुम्हाला दिवस उजाडेपर्यंत छळते. खेळाचे कपडे मिळतात त्या दुकानांतला घाम बाहेर सोडणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट पुरेसा आहे. बाजारात मिळणारे साधे थर्मलही चालेल, फक्त दुपारी ते काढण्यासाठी जागा शोधावी लागते हे लक्षात घ्या.

मग जाळीतून येणाऱ्या वाऱ्याचे काय? इथे कोकणातल्या माणसाला एक मोठी सोय आहे. आपल्या प्रत्येकाच्या घरी पावसाळ्याचा रेनकोट असतो, आणि ऑक्टोबरमध्ये तो घडी घालून माळ्यावर जातो. तो माळ्यावर टाकू नका. जाळीच्या जॅकेटवर बाहेरून घातलेला रेनकोट हा उत्तम विंडचीटर आहे, आणि तुमच्या छातीच्या थंडीचे उत्तर जवळजवळ फुकट तुमच्या घरात पडलेले आहे. तो बाहेरून घालावा की जॅकेटच्या आत, यावर मतभेद आहेत. आत घातला तर फडफडत नाही आणि जॅकेटचे परावर्तक पट्टे दिसत राहतात, पण वारा जाळीतून रेनकोटपर्यंत पोहोचतो आणि जॅकेटच्या जाडीत अडकलेली ऊब वाया जाते. बाहेरून घातला तर ती सगळी हवा स्थिर राहते, आणि दुपारी जॅकेट न उघडता रेनकोट उतरवता येतो. माझा कल बाहेरून घालण्याकडे आहे. त्यासाठी तो जॅकेटवर मावेल इतका मोठा असावा, गळा आणि मनगट बंद करता येत असावे, आणि फडफडू नये म्हणून कमरेला पट्टा असावा. जाड पीव्हीसीपेक्षा आतून लेप दिलेल्या पातळ नायलॉनचा रेनकोट बरा, कारण पीव्हीसीच्या आत घाम लवकर साचतो आणि घड्यांवर तो तडकतो. रेनकोट पोफळीच्या आसपास, घाट सुरू होण्यापूर्वीच थांबून चढवा. एकदा गारठल्यानंतर घातलेला कोणताही कपडा शरीराला पुन्हा गरम करण्यास फार वेळ लावतो, कारण कपडा स्वतः उष्णता तयार करत नाही, तो फक्त शरीराची उष्णता जपतो.

रेनकोटचा रंग हाही इथे महत्त्वाचा मुद्दा आहे. काळा किंवा गडद निळा रेनकोट जॅकेटवरचे सगळे परावर्तक पट्टे झाकून टाकतो. हिवाळा म्हणजे पाटण-कऱ्हाड पट्ट्यात उसाच्या गळिताचा हंगाम. पहाटेच्या धुक्यात पुढे मंदगतीने जाणारी ट्रॅक्टर-ट्रॉली तुम्हाला उशिरा दिसते, तसेच मागून येणाऱ्या ट्रकला तुम्हीही उशिरा दिसता. रेनकोट गडद असेल तर त्यावर परावर्तक पट्टे असलेले जाळीचे हलके जाकीट घाला. रस्त्याच्या कामावरची माणसे घालतात तसे. ते स्वस्त असते आणि घडी केल्यावर खिशात मावते.

बोटांविषयी मी सर्वांत आग्रहाने लिहितो, कारण छाती गारठली तर त्रास होतो, पण बोटे बधिर झाली तर गाडी थांबत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. बधिर बोटांना ब्रेकचा लिव्हर शोधून दाबायला अर्धा सेकंद जास्त लागला, तरी आठ मीटरांचा फरक पडतो. बोटे गारठण्याची कारणे दोन आहेत. हात थेट वाऱ्यात असतो हे एक. दुसरे असे की धड थंड पडू लागले की शरीर आतल्या अवयवांची उष्णता राखण्यासाठी हातापायांकडचा रक्तपुरवठा कमी करते. म्हणून छाती आणि मान नीट झाकली की हातमोजे तेच असूनही बोटांची स्थिती सुधारते, आणि हा अनुभव तुम्हाला पहिल्याच फेरीत येईल. हातमोजे घेताना जाडी पाहू नका. फार जाड मोज्यात लिव्हर आणि ॲक्सिलेटरची जाणीव राहत नाही, आणि घट्ट मोजा रक्तप्रवाह अडवून बोटे अधिकच थंड करतो. बोटांच्या टोकांना किंचित जागा राहील असा, वाऱ्याला अडवणारा, तळहाताला चामडे किंवा टिकाऊ कापड असलेला, बोटांच्या सांध्यांवर व तळहाताच्या मनगटाकडच्या उंचवट्यावर संरक्षण असलेला आणि मनगटाला पट्टा असलेला मोजा घ्या. पडताना माणूस आपोआप हात पुढे टेकतो, त्यामुळे तळहाताचा तो भाग फार महत्त्वाचा आहे. मोज्याचे तोंड बाहीत जाईल किंवा बाहीवरून येईल, पण मनगटाची त्वचा उघडी राहणार नाही याची खात्री गाडीवर बसूनच करा. आणि शक्य असेल तर गाडीला हँडगार्ड, म्हणजे हँडलच्या मुठींपुढचे वारा अडवणारे कवच, लावून घ्या. थंड हवेत चांगल्या मोज्याइतकाच फरक त्याने पडतो. लोकरीचे घरगुती हातमोजे गाडीवर अजिबात नकोत. वारा त्यांतून आरपार जातो, आणि लिव्हरवर ते घसरतात.

मानेसाठी नळीसारखा बफ घ्यावा. मफलर, शाल किंवा ओढणीची सुटी टोके गाडीच्या साखळीत किंवा चाकात अडकण्याचा धोका असतो, म्हणून मफलरच असेल तर त्याची टोके जॅकेटच्या आत खोचून वर झिप लावा. डोक्याला माकडटोपी घालून वर हेल्मेट चढवण्याची आपल्याकडे सवय आहे, ती सोडायला हवी. हेल्मेट डोक्याला घट्ट बसते म्हणूनच ते वाचवते. लोकरी टोपीने ते वर उचलले जाते, किंवा टोपीवर बसावे म्हणून मोठे घेतले तर दुपारी डोलू लागते. पातळ बालाक्लाव्हा (डोके आणि मान झाकणारी अंगाला चिकटणारी टोपी) घातला तर माप बिघडत नाही आणि कानही झाकले जातात. हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारे आणि आयएसआय खुणेचे असावे. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठी ही खूण नसलेली हेल्मेटे विकण्यास मनाईच आहे. काचेवर आतून वाफ धरते त्यासाठी काच एक खाच उघडी ठेवणे आणि नाकापुढे ब्रेथ गार्ड लावणे एवढे पुष्कळदा पुरते. हेल्मेटला पिनलॉकची सोय असेल तर ती आतली पातळ काच बसवून घ्या. कोयनेच्या खोऱ्यातल्या धुक्यात तिची किंमत वसूल होते. पहाटे निघणाऱ्याने काळी काच वापरू नये.

पायांबाबत थोडक्यात. गुडघा थेट वाऱ्यात असतो आणि पडल्यावर तोच आधी आपटतो. रायडिंग पँट सध्या रकमेत बसत नसेल तर पँटवर बांधण्याचे नी गार्ड घ्या आणि वर रेनकोटची पँट घाला. साधी जीन्स डांबरावर घासताच फाटते, तिला संरक्षण समजू नका. बूट घोटा झाकणारे हवेत आणि आतला मोजा इतका जाड नको की बूट आवळेल.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात ती सापडत नाही. चामड्याचे जॅकेट घासण्याला सर्वांत चांगले टिकते हे खरे असले, तरी आपल्या दमट हवेत कपाटात ठेवलेल्या चामड्यावर पावसाळ्यात बुरशी येते आणि शिवणीचा धागा कुजतो. ज्याला दर काही आठवड्यांनी ते बाहेर काढून पुसणे, सावलीत वाळवणे आणि तेल लावणे जमणार नाही, त्याने कापडी जॅकेटच घ्यावे. खाऱ्या हवेने धातूच्या साखळ्या गंजून अडकतात, म्हणून जाड प्लास्टिक दातांची साखळी असलेले जॅकेट निवडा आणि तिच्यावर अधूनमधून मेण घासा. घाम आणि घाटातली लाल धूळ एकत्र आली की कापडाची वीण झिजते, तेव्हा आर्मर काढून जॅकेट हाताने, साध्या साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. डांबरगोळ्या घालून पिशवीत बंद करू नका, हवेशीर जागी रुंद हँगरला टांगा. आर्मर ज्या बाजूने खिशात होता त्याच बाजूने परत घाला. धुतल्यानंतर उलट बसवलेला कोपराचा आर्मर माझ्याकडे सर्रास येतो.

तुमच्या दहा हजारांची वाटणी मी अशी करेन. सगळ्यांत मोठा वाटा, निम्म्याहून अधिक, दुसऱ्या पातळीच्या आर्मरच्या जाळीच्या जॅकेटला. त्यानंतर हातमोजे, त्यात काटकसर नको. मग नी गार्ड. बफ, बालाक्लाव्हा आणि परावर्तक जाकीट यांना फारसे पैसे लागत नाहीत. स्वेटर आणि रेनकोट घरचाच. हँडगार्ड पुढच्या महिन्यात घेतले तरी चालतील. एखाद्या हंगामात रक्कम कमी पडली, तर मी हातमोजे आधी आणि जॅकेट नंतर घेईन, उलट नाही. ऑनलाइन मागवणार असाल तर माप न पटल्यास परत करता येईल याची खात्री करून घ्या, आणि पहिल्या दिवशीच, टॅग न काढता, आरशासमोर नव्हे तर गाडीवर बसून पाहा.

पत्नी मागे बसते त्याविषयी तुम्ही ओझरते लिहिले आहे, पण तो विषय तितकाच महत्त्वाचा आहे. मागे बसणाऱ्याला छातीवर वारा कमी लागतो. मात्र चालवणाऱ्याचे हातपाय थोडेफार हलत असतात, मागच्याचे शरीर स्थिर असते, त्यामुळे तासाभराने तोच जास्त गारठतो आणि बहुधा बोलत नाही. त्यांच्यासाठीही आर्मरचे जॅकेट, हातमोजे आणि आयएसआय खुणेचे हेल्मेट हवेच, नुसता स्वेटर आणि शाल नव्हे. साडी किंवा ओढणी असेल तर पदर जॅकेटच्या आत खोचलेला असावा आणि गाडीचा साडीगार्ड जागेवर असावा. सलवार-कमीज किंवा पँट अधिक सुरक्षित. एकाच वेळी दोघांचे साहित्य घेणे जमत नसेल, तर ते पूर्ण होईपर्यंत त्या सोबत असतील त्या दिवशी पहाटे पाचऐवजी ऊन वर आल्यावर, आठच्या सुमारास निघा. आणि दोघेही असताना हेळवाकला किंवा पाटणला दहा मिनिटे थांबून दोघांनीही मोजे काढून बोटे पाहा. ती पांढरी किंवा बधिर असतील तर ती पूर्ववत होईपर्यंत पुढे निघू नका.